शेलापागोट्याचा मान

दरवर्षी फेब्रुवारी महिन्यात, शालान्त परीक्षा दोन-तीन आठवड्यांवर येऊन ठेपली असताना, आपल्या शाळेतील नववीचे विद्यार्थी दहावीला निरोप देतात. सकाळी वंदना, पाहुण्यांचे मार्गदर्शन, विद्यार्थ्यांची मनोगते, त्यांत अधूनमधून एखादा हुंदका, आणि मग भोजन. येथवरचा कार्यक्रम महाराष्ट्रातील कोणत्याही शाळेत होतो तसाच असतो. भोजनानंतर मात्र सभागृहाची दारे लोटली जातात, लहान वर्गांना मैदानावर पिटाळले जाते, आणि दहावीचे विद्यार्थी एकमेकांना भेटी देऊ लागतात. कोणास गजराचे बंद पडलेले घड्याळ, कोणास दात नसलेला कंगवा, कोणास चक्क बाजारातून आणलेला भोपळा. ज्यांनी पाचवीपासून दहावीपर्यंतची सहा वर्षे या वसतिगृहात काढली, त्यांना पुढचे वर्णन सांगावयास नको.

मागील पालकसभेत एका पालकांनी याविषयी विचारले होते. लेकरे शिकावीत म्हणून आम्ही ती येथे ठेवतो, मग त्यांना ही टवाळी कशाला शिकवता, असा त्यांचा सरळ प्रश्न होता. सभेत वेळ थोडा होता. आम्ही दोन वाक्यांत उत्तर दिले आणि ते आमचे आम्हालाच अपुरे वाटले. स्मरणिकेच्या संपादक मंडळाने लेख मागितला तेव्हा तोच प्रश्न पुन्हा हाती घ्यावा असे ठरविले. हा प्रकार काय आहे, तो कोठून आला आणि आपल्या शाळेत त्याने कोणते वळण घेतले, हे नीट सांगितल्याशिवाय त्या प्रश्नाचे उत्तर होत नाही.

महाविद्यालयांच्या स्नेहसंमेलनांत या प्रकाराला 'फिशपॉन्ड' म्हणतात. समारंभाच्या आठवडाभर आधी एक पेटी ठेवली जाते. ज्याला ज्याच्याविषयी जे सुचेल ते त्याने चिठ्ठीवर लिहून पेटीत टाकावे. स्वतःचे नाव लिहू नये. मजकूर बहुधा दोन ओळींचा, यमक जुळविलेला, एखाद्या चित्रपटगीताचे विडंबन केलेला असतो. एक-दोन शिक्षक चिठ्ठ्या चाळतात, वाह्यात असतील त्या फाडतात, आणि उरलेल्या दोन निवेदक रंगमंचावरून वाचतात. ज्याच्या नावाची चिठ्ठी निघेल त्याने पुढे यायचे, चिठ्ठीबरोबरची वस्तू घ्यायची आणि हसत हसत जागेवर जायचे. न हसणारा 'खिलाडू वृत्तीचा नाही' असा शेरा मिळवितो. हा शेरा पुढे आपल्याला लागणार आहे, तो वाचकांनी ध्यानात ठेवावा.

इंग्रजी जत्रांमध्ये 'फिशपॉन्ड' नावाचा एक खेळ असे. पैसे भरून आडोशापलीकडे गळ टाकायचा आणि गळाला लागेल ते पुडके आपले. आत काय आहे आणि ते कोणी बांधले, हे घेणाऱ्याला ठाऊक नसते. आपल्याकडील महाविद्यालयांनी नाव तेथूनच उचललेले दिसते. परंतु या प्रकाराला मराठीत त्याहून देखणे नाव आहे, ते म्हणजे 'शेलापागोटे'. आमच्या मते हे नाव ज्याने प्रथम वापरले त्याला इतिहासाची चांगली जाण असली पाहिजे.

शेला म्हणजे खांद्यावर घ्यावयाचे काठाचे वस्त्र. पागोटे म्हणजे डोक्याला गुंडाळावयाचे. दोन्ही मिळून मान. मराठेशाहीत कामगिरी बजावणाऱ्याला दरबारातून वस्त्रे मिळत. गावगाड्यात लग्नकार्यात, सणावारी, तंटा मिटल्यावर शेलापागोटे देऊन एखाद्याचा मान राखला जाई. कोणाला आधी, कोणाला नंतर, यावरून पिढ्यान्‌पिढ्या चाललेल्या भांडणांनी जुने कागद भरलेले आहेत. वस्त्र अंगावर पडले की माणसाचे समाजातील स्थान सर्वांदेखत ठरत असे. म्हणूनच त्यात थट्टेची शक्यताही होती. मानाच्या वस्त्राऐवजी फाटका पंचा पुढे केला तर सभा हसणारच. महाविद्यालयीन मुलांनी हीच युक्ती उचलली. भरसभेत नाव पुकारायचे, मान्यवराप्रमाणे पुढे बोलवायचे आणि हातात द्यायचा भोपळा.

मानाचे वस्त्र मिळणे हा मान असेल, तर ते न मिळणे हा अपमान होतो, आणि कधीकधी ते नाकारणे हाच खरा मान ठरतो. शालेय पाठ्यपुस्तकातील आग्र्याचा प्रसंग सर्वांना ठाऊक आहे. १२ मे १६६६ रोजी औरंगजेबाच्या दरबारात शिवाजी महाराजांना मागच्या रांगेत उभे केले गेले, एवढे आपण वर्गात शिकवतो. त्याच दरबारात खिलत, म्हणजे मानाची वस्त्रे, वाटली गेली. शहाजाद्यांना, वजिराला, जसवंतसिंहाला ती मिळाली, महाराजांना नाही. महाराज संतापून बाजूला गेल्यावर बादशहाने सरदारांकरवी त्यांची समजूत घालण्याचा आणि आता खिलत देण्याचा प्रयत्न केला. महाराजांनी ती नाकारली. परीक्षेत या तपशिलाला गुण नसल्याने तो बहुधा राहून जातो. परंतु आमच्या विषयाला तो फार जवळचा आहे. देणारा बलाढ्य, सभा त्याची, आणि तरीही घेणाऱ्याच्या हाती एक अधिकार उरतो, 'नको' म्हणण्याचा.

आपल्या समाजाच्या बाबतीत पागोट्याची कथा निराळी आहे. येथे प्रश्न मिळण्या-न मिळण्याचा नव्हता, बांधू देण्याचाच होता. बाबासाहेबांनी १९३६ साली लाहोरच्या जातपाततोडक मंडळासाठी लिहिलेल्या आणि न झालेल्या भाषणात इंदूर परिसरातील बलाई समाजाचे उदाहरण दिले आहे. १९२८ सालच्या वृत्तपत्रातील ती हकीकत. सवर्णांनी बलाईंवर ज्या अटी लादल्या त्यांतील पहिलीच अशी की, त्यांनी सोनेरी किनारीची पागोटी बांधू नयेत. रंगीत काठाचे धोतर नेसू नये, ही दुसरी. ज्यांच्या आजोबा-पणजोबांच्या डोक्यावरील कापडाची किनार दुसऱ्यांनी ठरविली, त्यांच्या नातवंडांच्या हाती विनोदाने का होईना, पण शेलापागोटे देताना हात क्षणभर थबकला पाहिजे, असे आम्हाला वाटते.

नावाचेही तसेच. निरोपाच्या भेटींत निम्म्याहून अधिक गंमत टोपणनावांची असते. मित्रांनी प्रेमाने ठेवलेले टोपणनाव माणूस म्हातारपणापर्यंत मिरवतो. आमच्या परिचयातील एक निवृत्त अभियंते आजही वर्गमित्रांत 'खिचडी' आहेत आणि त्यांना त्याचा अभिमान आहे. परंतु शूद्राचे नाव किळस वाटेल असे असावे, असा नियम ज्या ग्रंथात लिहिला होता, तो २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला जाळावा लागला, हेही आपण विसरू शकत नाही. दगडू, कचरू, धोंड्या या नावांनी आपल्या वाडवडिलांच्या पिढ्या गेल्या. तेव्हा नाव कोण ठेवतो आणि कोणत्या नात्याने ठेवतो, हा प्रश्न आपल्याकडे इतरांपेक्षा थोडा अधिक जड आहे.

हे सारे आम्ही पुस्तकांत नंतर वाचले. आधी ते अंगावर आले. आम्ही स्वतः ज्या शाळेत दहावी झालो ती तालुक्याच्या गावची मोठी शाळा होती. नामांतराचा प्रश्न पेटलेला असतानाचा तो काळ. निरोपसमारंभात आमचे नाव पुकारले गेले. निवेदकाने रंगीत कागदाचे पुडके हाती दिले आणि ते तेथेच उघडावयास सांगितले. आत कागदी बाशिंग होते, लग्नात नवरदेवाच्या कपाळाला बांधतात ते. चिठ्ठीवर दोन शब्द होते : 'सरकारच्या जावयास'. सवलतीवर शिकणाऱ्या आम्हा मुलांना तेव्हा हे विशेषण सर्रास लावले जाई. सभागृह हसले. पहिल्या रांगेतील गुरुजनही हसले. कोणीतरी मागून 'बांध की' असे ओरडले, आणि आम्ही ते बांधले.

आम्हीही हसलो. वर उल्लेखिलेला खिलाडू वृत्तीचा शेरा तेव्हा आम्हाला हवा होता. पुढे अनेक वर्षे त्या बाशिंगापेक्षा आमचे ते हसणेच आम्हाला अधिक टोचत राहिले. चिठ्ठी कोणी लिहिली हे आजतागायत कळलेले नाही. वर्गात ४८ मुले होती, आणि दीर्घकाळ त्यांतील प्रत्येकाकडे आम्ही संशयाने पाहत राहिलो. निनावी विनोदाची ही किंमत फारशी कोणी मोजत नाही. एक जण लिहितो आणि वर्गातील उरलेल्या सर्वांची मैत्री डागाळते.

शाळा संपविणाऱ्या मुलाला दिलेल्या भेटींचा विषय निघाला असताना आपल्या इतिहासातील सर्वांत मोठी भेट बाजूला ठेवता येत नाही. कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी विद्यार्थी भीमरावाला स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र दिले, ती. ही सभा मॅट्रिकच्या यशानिमित्त १९०७ च्या सुमारास झाली असे चरित्रकार सांगतात. खुद्द बाबासाहेबांनी १९५६ साली 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथासाठी लिहिलेल्या प्रस्तावनेत मात्र हा प्रसंग इंग्रजी चौथीच्या परीक्षेनंतरचा म्हणून नोंदविला आहे. इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी दोन्ही नोंदी ठेवाव्यात. आमचे लक्ष त्या प्रस्तावनेतील दुसऱ्याच गोष्टीकडे जाते. सत्काराची कल्पना घेऊन लोक गेले तेव्हा रामजीबाबांनी ती साफ धुडकावली होती. पोराने एक परीक्षा पास केली, त्यात एवढे काय, अशाने त्याचे डोके फिरेल, असे त्यांचे म्हणणे. केळुसकरांनी मध्यस्थी केली तेव्हा ते कबूल झाले.

रामजीबाबांची ही भीती आणि शेलापागोट्याचा हेतू एकच आहे, हे वाचून वाचकांना नवल वाटेल. निरोपाच्या दिवशी मुलाचे डोके फिरू नये, सकाळच्या सत्रात पाहुण्यांनी 'उद्याचे आधारस्तंभ' म्हणून चढविलेल्या मुलाला दुपारी मित्रांनी जमिनीवर आणावे, यासाठीच तर ती थट्टा असते. सकाळचे भाषण मुलाला जेवढे ओळखत नाही तेवढे दुपारचा भोपळा ओळखतो. केळुसकर गुरुजी चर्नी रोडच्या बागेत वाचत बसणाऱ्या त्या मुलाला जवळून पाहत होते, म्हणून त्यांनी नेमके पुस्तक दिले. चांगली थट्टाही अशीच जवळून पाहिल्याशिवाय करता येत नाही.

आपल्या शाळेतील काही भेटी या दृष्टीने सांगण्यासारख्या आहेत. नावे देत नाही. ज्यांची ती आहेत त्यांना ओळख पटेलच.

पाचवीत असताना पहिल्याच महिन्यात तीन वेळा पळून गेलेला एक मुलगा होता. तिन्ही वेळा तो एसटी स्थानकावरच सापडला, कारण तिकिटाला पैसे नसत. सहा वर्षांनी निरोपाच्या दिवशी त्याच्या खोलीतील सहा जणांनी त्याला पुठ्ठ्याचे हातभर लांब तिकीट दिले. त्यावर लिहिले होते : 'शाळा ते गाव, पूर्ण एक, परतीचे. मुदत : कायम.' मागील माजी विद्यार्थी मेळाव्यास तो ते तिकीट घेऊन आला होता आणि दारातील स्वयंसेवकाला दाखवूनच आत शिरला.

अंधश्रद्धेविरुद्ध रोज रात्री खोलीत व्याख्यान देऊन सर्वांची झोप उडविणाऱ्या एका वक्त्याला मित्रांनी लिंबू-मिरची बांधून दिली. त्याने ती शांतपणे सोडविली, लिंबू पाण्यात पिळून पाहुण्यांना सरबत दिले आणि मिरच्या भोजनगृहातील मावशींना ठेच्यासाठी नेऊन दिल्या. आंबेडकरी जलशात भीमराव कर्डकांसारख्या कलावंतांनी हेच केले होते. पोथी आणि भोंदूगिरी यांना हसत हसत उघडे पाडले. त्या मुलाने कर्डकांचे नाव तोवर ऐकले नव्हते. पुढच्या तासाला आम्ही ते सांगितले.

सर्वांचे शुद्धलेखन तपासणाऱ्या एका मुलीला लाल शाईच्या रिफिलींचा गजरा मिळाला. भाकऱ्यांच्या बाबतीत वसतिगृहाचा विक्रम मोडणाऱ्याला मातीची भाकरी मिळाली. त्याने ती चावून पाहिली अशी वदंता आहे. आम्हालाही एका तुकडीने जुनी दिनदर्शिका दिली होती. तिच्यातील प्रत्येक तारखेवर कागद चिकटवून 'पुढच्या तासाला' असे लिहिलेले होते. आमची ती सवय आहे हे आम्हाला त्या दिवसापर्यंत ठाऊक नव्हते. वरच्या परिच्छेदातही ती डोकावली आहेच.

आता जे सांगावयाचे ते आमच्या चुकीचे आहे.

तेव्हा आपल्या शाळेतही चिठ्ठ्यांची पेटीच होती आणि चिठ्ठ्या चाळण्याचे काम आमच्याकडे होते. एका चिठ्ठीबरोबर पुठ्ठ्याचा कोयता होता, चांदीच्या कागदाने मढविलेला. मजकूर असा : 'अर्ध्या कोयत्यास. आता पूर्ण होण्याची वेळ आली.' ज्या मुलासाठी ती होती तो अंगाने अगदी किरकोळ होता. रस्सीखेचीत त्याला कोणी आपल्या बाजूला घेत नसे. आम्हाला वाटले, ही त्याच्या काठीसारख्या देहाची थट्टा आहे. सौम्य आहे, जाऊ द्यावी. आम्ही चिठ्ठीवर बरोबरची खूण केली.

ऊसतोडीच्या हिशेबात नवरा-बायकोच्या जोडीला 'एक कोयता' म्हणतात. दिवाळीच्या आधी मुकादम उचल वाटतो ती कोयत्यामागे. एकटा माणूस म्हणजे 'अर्धा कोयता', त्याची उचल अर्धी. त्यामुळे पोरगे जाणते झाले की त्याचे लग्न लावून कोयता पूर्ण करण्याची घाई होते. आपल्या वसतिगृहातील कितीतरी मुले-मुली येथे आहेत त्या याच कारणाने. आई-वडील सहा-सहा महिने फडावर असतात. हे सारे आम्हाला ठाऊक असावयास हवे होते. पालकांचे अर्ज आम्हीच भरून घेतो. व्यवसायाच्या रकान्यात 'ऊसतोड' हा शब्द आम्ही आमच्या हाताने शेकडो वेळा लिहिला आहे. पण तो शब्द लिहिणे निराळे आणि त्याची भाषा कळणे निराळे.

निवेदकाने चिठ्ठी वाचली. सभागृहातील निम्मी मुले मोठ्याने हसली, निम्मी एकदम गप्प झाली. तेवढ्यावरूनही आम्हाला उमगले नाही. तो मुलगा पुढे आला, कोयता घेतला आणि जागेवर न जाता तसाच बाहेर गेला. कोणीतरी म्हणाले, खिलाडू वृत्ती नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी, घंटेच्या आधी, तो शिक्षकदालनात आला आणि कोयता आमच्या टेबलावर ठेवला. म्हणाला, "सर, हे मला नको. कोणी दिलं ते माहीत नाही, म्हणून तुमच्याकडं देतो." एवढेच. नंतर वसतिगृहप्रमुखांकडून कळले की घरी नेमकी तीच बोलणी चालली होती. परीक्षा झाली की फडावर यायचे आणि दोन वर्षांत लग्न. त्या घरी आम्ही दोघे जाऊन आलो. त्या भेटीत काय झाले ते येथे सांगण्याचे कारण नाही; तो मुलगा पुढे शिकला, एवढे पुरे.

त्याच्या त्या एका वाक्याने आमची मात्र पुष्कळ शिकवणी केली. भेट परत करावयाची तर ती देणारा माहीत असावा लागतो. नाकारता येत नाही अशी वस्तू भेट होऊ शकत नाही, मग तिला कितीही रंगीत कागद गुंडाळा. संयुत्तनिकायात भारद्वाज ब्राह्मणाची कथा आहे. संतापलेला हा ब्राह्मण तथागतांना वाटेल तसे बोलतो. तथागत त्याला विचारतात, तुझ्या घरी पाहुणे येतात का, तू त्यांना जेवण वाढतोस का, आणि त्यांनी ते घेतले नाही तर ते कोणाचे राहते? माझेच, तो म्हणतो. तसेच हे तुझे बोलणे आम्ही घेतले नाही, ते तुझ्याकडेच राहिले, असे तथागत सांगतात. वंदनेनंतरच्या चिंतनात ही कथा आपण अनेकदा सांगतो. पण भारद्वाज समोर उभा होता, हे आम्ही कधी ध्यानात घेतले नव्हते. तो पेटीत चिठ्ठी टाकून निघून गेला असता तर जेवण परत कोणाच्या ताटात वाढणार होते?

पुढच्या वर्षापासून पेटी गेली. आता देणाऱ्याने स्वतः उठावे, भेट आपल्या हाताने द्यावी आणि दोन शब्द आपल्याच तोंडाने बोलावेत, अशी पद्धत आहे. मध्ये निवेदक नाही. घेणाऱ्याला ती नको असेल तर त्याने परत द्यावी. का, असे कोणी विचारू नये, आणि खिलाडू वृत्तीचा शब्द काढू नये. आई-वडिलांचा धंदा, रंग आणि जात यांवरील थट्टेला वेगळी बंदी घालावी असे काही सहकाऱ्यांचे मत होते. आम्ही त्याच्या विरुद्ध होतो आणि आजही आहोत. बंदीची यादी केली की मुले यादीत नसलेले शोधतात. समोर उभे राहून, डोळ्यांत पाहून, आपल्या नावाने बोलावयाचे असले की सोळा वर्षांच्या मुलालाही काय बोलावे हे बरोबर समजते.

याने काहीच गमावले नाही असे म्हणता येणार नाही. भेटींची संख्या निम्म्याने घटली. काही माजी विद्यार्थी म्हणतात, सर, पेटीची मजा गेली. त्यांचे म्हणणे खोटे नाही. एखादे अबोल लेकरू, जे सहा वर्षांत कोणाशी चार वाक्ये बोलले नाही, तेही पेटीत झकास विनोद टाकीत असे. ते आता गप्प बसते. एकीने यावर तोड काढली. ती उठली, भेट दिली, एक शब्द न बोलता बसली, आणि तिच्या न बोलण्यालाच सर्वांत मोठा हशा मिळाला. पण सगळ्यांना ते जमत नाही. याचे उत्तर आमच्यापाशी अद्याप नाही. कोणा माजी विद्यार्थ्याला सुचल्यास त्याने अवश्य कळवावे.

परत केल्या गेलेल्या भेटी या सर्व वर्षांत मिळून तीनच आहेत. तिन्ही वेळा देणाऱ्याने ती घेतली, आणि सभागृह गप्प राहिले.

तो पुठ्ठ्याचा कोयता आम्ही टेबलाच्या खणात ठेवला होता. फेकावासा वाटला नाही. त्यानंतर तिसऱ्या वर्षी, दिवाळीच्या सुटीत, त्याच तुकडीतील दुसरा एक मुलगा शाळेचा दाखला नेण्यास आला. दाखला घेऊन झाला तरी तो जाईना. मग म्हणाला, "सर, ती कोयत्याची चिठ्ठी माझी होती." आम्ही त्याच्याकडे पाहतच राहिलो. हा मुलगा त्याच खोलीतला, त्याच्याच शेजारच्या तांड्यावरचा, आणि याचेही आई-वडील ऊसतोडीलाच. तो सांगू लागला की दोघे रात्री गच्चीवर एकमेकांना 'अर्धा कोयता' म्हणूनच हाक मारीत. दोघांच्याही घरी तीच बोलणी चालू होती आणि त्यावर दोघेही खूप हसत. त्याला वाटले, सभागृहातही तो तसाच हसेल. "पण ते दुसऱ्यानं माइकवर वाचलं सर, आणि ज्यांना कळलं नाही ते पण हसले."

स्वतः तो त्या वर्षी हंगामाला चालला होता. लग्न झाले होते.

आम्ही खण उघडला. चांदीचा कागद एका बाजूने सुटला होता. त्याने कोयता मागितला, आम्ही दिला. तो पिशवीत मावेना, तेव्हा त्याने तो वर्तमानपत्रात गुंडाळला आणि काखेत धरून एसटी स्थानकाच्या दिशेने निघून गेला. मित्राला तो कधी भेटला, आणि भेटल्यावर दोघांत काय बोलणे झाले, हे आम्ही विचारलेले नाही.